उन्हाळ्यात आउटपुट ट्रान्झिस्टर का उडतो: १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मर-कपल्ड अ‍ॅम्प्लिफायरची बायस दुरुस्ती

तक्रार

सामुदायिक प्रार्थना, खंजिरी भजन, शाळेचा परिपाठ, ग्रामपंचायतीची दवंडी अशा कामांसाठी बॅटरीवर चालणारा ५ वॉटचा पुश-पुल (दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करतात असा) अ‍ॅम्प्लिफायर. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, दोन आउटपुट ट्रान्झिस्टर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि ८ ओहमचा भोंगा. सुरू केला की आवाज स्वच्छ. वीस-पंचवीस मिनिटांत आवाज जाड होतो, मग फाटतो, ट्रान्झिस्टरखालच्या पत्र्याला हात लावता येत नाही, आणि शेवटी एक बाजू उडते. नवी जोडी टाकली की काही दिवस बरं चालतं. एप्रिल-मेमध्ये टिनाच्या छपराखाली पुन्हा तेच. आणि तोच सेट पौषातल्या पहाटे हळू आवाजात घोगरा बोलतो.

ही दोन्ही लक्षणं एकाच बिघाडाची आहेत. ट्रान्झिस्टर बदलून तो जात नाही, कारण बिघाड ट्रान्झिस्टरमध्ये नसतो, त्याच्या बायसमध्ये असतो, म्हणजे सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टर किंचित उघडा ठेवणाऱ्या बेसवरच्या व्होल्टेजमध्ये. जास्त अँपिअरचा ट्रान्झिस्टर टाकल्यानेही फरक पडत नाही, फक्त जळायला थोडा वेळ जास्त लागतो.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या सर्किटमध्येच हे का होतं

ट्रान्झिस्टरला तीन पाय: बेसवर छोटा करंट दिला की कलेक्टरमधून एमिटरकडे मोठा करंट वाहतो. कलेक्टरला रेझिस्टर असेल तर करंट वाढला की त्या रेझिस्टरवर जास्त व्होल्ट पडतात, ट्रान्झिस्टरच्या वाट्याला कमी उरतात, आणि तापणं आपोआप आवरतं. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा डीसी रोध मात्र अर्धा-पाऊण ओहम असतो. आवाजाच्या सिग्नलला तिथे १२ ओहम दिसतात, पण डीसीला जवळजवळ सरळ तार. म्हणून करंट कितीही वाढला तरी कलेक्टरवर पूर्ण १२ व्होल्ट कायम राहतात. आवर घालणारं तिथे काहीच नाही.

आता सिलिकॉनचा स्वभाव पाहा. बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. बायस व्होल्टेज जिथल्या तिथे धरून ठेवलं आणि एमिटरला रेझिस्टर नसला, तर दर १० अंशांना करंट साधारण दुप्पट होतो. २५ अंशांवर २० मिलिअँपिअर लावलेला आयडल करंट (सिग्नल नसताना वाहणारा) जंक्शन, म्हणजे ट्रान्झिस्टरचा आतला गाभा, ५५ अंशांवर गेलं की १६० च्या आसपास. म्हणजे सिग्नल नसतानाच एका ट्रान्झिस्टरमध्ये १.९ वॉट. त्याने जंक्शन आणखी तापतं, करंट आणखी वाढतो, आणि हे चक्र कुठेच थांबत नाही. यालाच थर्मल रनअवे म्हणतात.

एमिटरला ०.४७ ओहम टाकला तर त्याच ३० अंशांच्या वाढीत करंट १६० ऐवजी ७० मिलिअँपिअरपर्यंतच जातो. सेट वाचवायला सर्वात स्वस्त वस्तू हीच, आणि गावोगावच्या जोडणीत नेमकी हीच गाळलेली असते, कारण ती काढली की आवाज जरासा वाढतो.

किती ओहम लागतात याचा हिशेब सोपा आहे. ट्रान्झिस्टरपासून हवेपर्यंतचा औष्णिक रोध (दर वॉटला किती अंश), गुणिले सप्लाय व्होल्ट, गुणिले ०.००२. एमिटर रेझिस्टर या उत्तरापेक्षा कमी नको. पत्र्याशिवाय उघड्या टीआयपी ३१ सी या सिलिकॉन पॉवर ट्रान्झिस्टरचा औष्णिक रोध ६२.५ आहे, १२ व्होल्टला उत्तर येतं १.५ ओहम. टिनाच्या छोट्या पट्टीवर कसला तर रोध ३० च्या आसपास, उत्तर ०.७२. चांगल्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्यावर ०.४७ मध्ये भागतं. एवढं एक गणित कागदावर मांडलं तर निम्मे जळालेले ट्रान्झिस्टर वाचतील.

ट्रॅक्टर सुरू असतानाच का जळतो

अनेकांच्या लक्षात येतं की बॅटरी सुटी असताना सेट नीट चालतो आणि ट्रॅक्टर चालू ठेवून वाजवला की उडतो. इंजिन सुरू असताना अल्टरनेटर बॅटरीवर १४ व्होल्टच्या वर, १४.२ ते १४.४, देतो. दोन व्होल्ट जास्त आले म्हणून ट्रान्झिस्टर जळू नये. जळतो तो बायसमुळे.

जुन्या पद्धतीच्या बायसमध्ये दोन रेझिस्टरचा विभाजक असतो, उदाहरणार्थ सुमारे दीड किलो-ओहम आणि ८२ ओहम, आणि मधला बिंदू ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपला (सेकंडरीच्या मधल्या जोडणीला). १२ व्होल्टला तिथे सुमारे ०.६५ व्होल्ट मिळावेत असं बसवलेलं असतं. सप्लाय १४.२ झाला की त्याच प्रमाणात ते ०.७७ होतात, म्हणजे जवळपास १२० मिलिव्होल्टची वाढ. एमिटर रेझिस्टर नसेल तर कागदावर करंट जवळजवळ शंभरपट होतो. ०.४७ ओहम असला तरी २० मिलिअँपिअरचे १६० होतात, आणि तेही पत्रा तापायच्या आधी. त्यात मे महिन्यातली चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडची ४५ अंशांवरची दुपार मिळाली की वीस मिनिटंही लागत नाहीत.

मेनवर चालणाऱ्या सेटलाही हेच लागू. ओलिताच्या मोटारी चालू असताना व्होल्टेज पडलेलं असतं आणि त्या वेळी बायस लावला, तर मोटारी बंद झाल्यावर रात्री व्होल्टेज चढतं आणि बायस त्याच्याबरोबर चढतो. १२ व्होल्टच्या साध्या ट्रान्सफॉर्मरमागे रेक्टिफायर-कॅपॅसिटर लावले तर लोड नसताना १६ व्होल्ट येतात, हेही ध्यानात असू द्या.

विभाजकाचा आणखी एक दोष म्हणजे जोरात वाजवताना आवाज घोगरा होणं. ५ वॉटला कलेक्टरचा शिखर करंट ०.९ अँपिअर. गेन (कलेक्टरचा करंट बेसच्या किती पट) कमीत कमी २५ धरला तर बेसला शिखर ३६ आणि सरासरी २३ मिलिअँपिअर लागतात. हा करंट ८२ ओहमच्या विभाजकातून ओढला की बायस खचतो आणि लाट एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाते त्या मधल्या पट्ट्यात दोन्ही बंद पडतात. मग माइकवरचा शब्द घासल्यासारखा ऐकू येतो. लोक भोंग्याला दोष देतात.

आधी मोजा

काहीही बदलण्याआधी बॅटरीच्या प्लस तारेत १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब सिरीजमध्ये जोडा. आवाज शून्यावर. बल्बचं फिलामेंट काळंच राहिलं पाहिजे. लालसर दिसलं तर आयडल करंट शेकडो मिलिअँपिअरमध्ये आहे. बल्ब असल्यामुळे नवी जोडी जळणार नाही, तेव्हा तपासणी पूर्ण होईपर्यंत तो काढू नका.

मग मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक एमिटर रेझिस्टरवरचं व्होल्टेज घ्या. ०.४७ ओहमवर ९ ते १० मिलिव्होल्ट म्हणजे २० मिलिअँपिअर, हे बरोबर. ३० मिलिव्होल्ट म्हणजे ६४ मिलिअँपिअर, हे जास्त. दोन बाजूंत दुपटीहून जास्त फरक असेल तर जोडी जुळत नाही किंवा एका बेसचा सांधा नीट सोल्डर झालेला नाही. हे आकडे सुरू केल्याबरोबर घ्या आणि अर्ध्या तासाने, सेट त्याच्या पेटीत बंद ठेवून, पुन्हा घ्या. पेटी उघडी ठेवून घेतलेल्या मोजमापाचा काही उपयोग नाही, कारण बिघाड बंद पेटीतच होतो. आकडा थोडा सरकून थांबला तर ठीक. दर पाच मिनिटांनी वाढतच असेल तर निदान झालं.

एमिटर रेझिस्टरच नसतील तर आधी ते टाका. ०.४७ ओहमचे रंग पिवळा, जांभळा, चंदेरी. तिसरा पट्टा सोनेरी असेल तर तो ४.७ आहे, त्याने आवाज मरतो. तालुक्याच्या दुकानात ०.४७ मिळाला नाही तर दोन १ ओहम समांतर जोडा.

आयडल करंट बरोबर आहे, तरी पत्रा तापतोय? मग सेट ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर दोलन करत, म्हणजे स्वतःच सिग्नल निर्माण करत, असू शकतो. शेजारी मिडियम वेव्हचा रेडिओ लावा आणि स्टेशनांच्या मधे फिरवा. अ‍ॅम्प्लिफायर सुरू-बंद केल्यावर रेडिओतला सूसू आवाज बदलत असेल तर दोलन आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून ड्रायव्हरकडे फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे) घेतला असेल तर सेकंडरीच्या दोन तारा उलट करून पाहा. चुकीच्या दिशेने जोडल्यास फीडबॅक दोलन घडवतो. तारा बरोबर असूनही राहिलं तर सेकंडरीवर १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये लावा.

दुरुस्ती: बायस

विभाजक काढून टाका. सप्लायपासून ३९० ओहम, १ वॉटचा रेझिस्टर सेंटर टॅपला आणा, आणि सेंटर टॅपपासून ग्राउंडला आउटपुटमध्ये आहे त्याच जातीचा तिसरा ट्रान्झिस्टर डायोड म्हणून लावा. म्हणजे टीआयपी ३१ सी असेल तर तिसराही टीआयपी ३१ सी. त्याचा बेस आणि कलेक्टर एकत्र जोडून सेंटर टॅपला, एमिटर ग्राउंडला. त्याच्यावर १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट.

यातून २९ मिलिअँपिअर वाहतात, आणि आउटपुट जोडीला प्रत्येकी २० च्या आसपास आयडल करंट मिळतो. सप्लाय १४.४ झाला तर डायोडचा करंट ३५ होतो आणि आयडल २० चा २३. विभाजकात १६० झालेला आकडा इथे २३ वर थांबतो, सगळा फायदा एवढ्यातच आहे. २९ मिलिअँपिअर का, तर वर काढलेली २३ ची सरासरी मागणी भागून थोडा उरला पाहिजे म्हणून. ३९० च्या जागी बचतीसाठी १ किलो-ओहम टाकू नका, जोरात वाजवताना बायस पुन्हा खचेल.

१एन४००७ डायोड टाकायचा मोह होतो, कारण तो घरात पडलेला असतो. त्यावर पॉवर ट्रान्झिस्टरपेक्षा जास्त व्होल्टेज पडतं आणि आयडल करंट भलताच वर जातो. शिवाय त्याचं अंग गोल, तो पत्र्याला चिकटून बसत नाही. तिसऱ्या ट्रान्झिस्टरला स्क्रूचं भोक असतं, हाच त्याचा मोठा गुण.

हा तिसरा ट्रान्झिस्टर दोन आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या मधोमध, त्याच पत्र्यावर कसायचा. सर्किट बोर्डावर उभा ठेवला तर तो हवेचं तापमान सांगेल, पत्र्याचं नाही. तिघांच्याही पाठीला कलेक्टर असतो, म्हणून तिघांखाली अभ्रक आणि स्क्रूला प्लास्टिकचं बूश हवंच. दोन्ही बाजूंना हीट सिंक ग्रीस पातळ लावा. कसून झाल्यावर प्रत्येक पाठ आणि पत्रा यांत मीटरने तपासा, कुठेही सातत्य मिळता कामा नये.

पत्रा १०० बाय १०० मिलिमीटर, ३ मिलिमीटर जाड, अ‍ॅल्युमिनियमचा, उभा. त्याचा रोध ६ धरा. दोन ट्रान्झिस्टर मिळून तापवतात म्हणून प्रत्येकाला १२ दिसतो, वर जंक्शन ते पत्रा ४. एकूण १६. वरच्या सूत्रात १४.४ व्होल्ट घातले तर ०.४६ ओहम. म्हणजे ०.४७ टाकलेला असेल तर पत्र्यावरच्या तिसऱ्या ट्रान्झिस्टरने उष्णतेबरोबर बायस उतरवला नाही तरी सेट पळत सुटणार नाही. दोन्ही सोयी एकत्र असल्या की मे महिनाही निघतो.

जोडून झाल्यावर एक परीक्षा करा. तापलेलं सोल्डरिंग आयर्न तिसऱ्या ट्रान्झिस्टरच्या अंगाला काही सेकंद टेकवा आणि एमिटर रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट पाहा. आकडा उतरला पाहिजे. न उतरल्यास बायस त्या ट्रान्झिस्टरवर चालतच नाही, जोडणी पुन्हा पाहा.

आयडल करंट १० च्या खाली आला तर डायोड-ट्रान्झिस्टरच्या सिरीजमध्ये १ ओहम टाका. त्याने २० चे ४० होतात, म्हणून एका वेळी एकच ओहम, आणि आधी अर्धा लावून पाहिला तर उत्तम.

एक धोका मात्र कायम लक्षात ठेवा. तिसऱ्या ट्रान्झिस्टरची वाट तुटली, म्हणजे सोल्डर सुटला किंवा पाय मोडला, तर ३९० ओहममधले सगळे २९ मिलिअँपिअर थेट दोन बेसमध्ये शिरतात आणि प्रत्येक कलेक्टरमध्ये अर्ध्या अँपिअरच्या वर करंट वाहतो. जोडी काही मिनिटांत जाते. मोटारसायकलच्या कॅरिअरवर किंवा बंडीत सेट नेताना हेच सांधे सुटतात. म्हणून त्या ट्रान्झिस्टरच्या तारा बोर्डाच्या भोकातून ओवून, वाकवून मग सोल्डर करा, आणि प्लस तारेत १ अँपिअरचा फ्यूज ठेवा. पूर्ण ५ वॉटलाही सेट सुमारे ०.७ अँपिअरच घेतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर बरोबर आहे का

बायस ठीक करूनही आवाज पातळ किंवा फाटका राहिला तर ट्रान्सफॉर्मरकडे वळा. खिशातल्या रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर इथे चालत नाही. तो अर्ध्या वॉटच्या आतला असतो आणि खंजिरीच्या ठोक्याला कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही.

१२ व्होल्टमधून ट्रान्झिस्टर आणि एमिटर रेझिस्टरचं नुकसान वजा जाता ११ व्होल्टचं शिखर मिळतं. ५ वॉटसाठी अर्ध्या प्रायमरीला ११ चा वर्ग भागिले १०, म्हणजे १२ ओहम दिसायला हवेत. कलेक्टर ते कलेक्टर ४८. ८ ओहमच्या भोंग्यासाठी अर्धी प्रायमरी ते सेकंडरी गुणोत्तर १.२३.

२५ मिलिमीटर जिभेचे (मधल्या पट्टीचे) ई-आय आकाराचे लोखंडी स्टॅम्पिंग, २५ मिलिमीटर थप्पी. प्रायमरी १०० अधिक १०० वेढे, २२ गेज, दोन तारा एकत्र धरून बायफिलर. सेकंडरी ८२ वेढे, २० गेज. ४ ओहमसाठी ५८ व्या वेढ्यावर टॅप. बायफिलर गुंडाळल्यावर पहिल्या तारेचा शेवट दुसऱ्या तारेच्या सुरुवातीला जोडला की तो सेंटर टॅप. दोन सुरुवाती एकत्र जोडल्या तर दोन अर्धे एकमेकांना मारतात आणि आवाज नाहीच निघत, फक्त ट्रान्झिस्टर तापतात. नव्याने गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सर्वात जास्त आढळणारी चूक हीच. पत्र्या एकाआड एक उलटसुलट भरा. पुश-पुलमध्ये दोन बाजूंचा डीसी एकमेकांना खोडतो, त्यामुळे कागदाची फट ठेवायची गरज नाही.

ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरला मात्र फट हवी, कारण त्याच्या प्रायमरीतून ड्रायव्हरचे १२ मिलिअँपिअर एकाच दिशेने वाहतात. १३ मिलिमीटर जिभेवर प्रायमरी ६०० वेढे ३६ गेज, सेकंडरी २०० अधिक २०० वेढे ३२ गेज बायफिलर, सगळ्या ई एका बाजूला, आय दुसऱ्या बाजूला, मधे पातळ कागद. बोलण्या-गाण्याला हे पुरतं.

कलेक्टरवर सप्लायच्या दुप्पट व्होल्ट येतात, ट्रॅक्टरवर २९. भोंग्याची तार निसटली आणि वाजवणं चालूच राहिलं तर त्याहूनही खूप वर उसळतात. टीआयपी ३१ सी १०० व्होल्टचा आहे, पण भरवशावर राहू नका. सेकंडरीवर १०० ओहम, १ वॉटचा रेझिस्टर कायमचा लावून टाका. आवाजात त्याने काही कमी होत नाही.

हिवाळ्यातला घोगरेपणा

उन्हाळ्यात ४५ अंशांवर विभाजकाने २० मिलिअँपिअर लावलेला सेट मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) दिवसांत किंवा गोंदियाकडच्या थंड रात्री १० अंशांवर आला की बायसला ७० मिलिव्होल्ट कमी पडतात. करंट २० चा २ होतो. दोन ट्रान्झिस्टरांच्या मधे खिंड पडते आणि हळू आवाजातला गोडवा जातो. आवाज वाढवला की घोगरेपणा झाकला जातो, म्हणून बरेच जण आवाज वाढवूनच वेळ मारून नेतात. पत्र्यावरचा ट्रान्झिस्टर लावलेल्या सेटला हा त्रास राहत नाही, कारण थंडीत त्याचंही व्होल्टेज तेवढंच चढतं.

थंडीत बायस वाढवून द्या, अशी विनंती गिऱ्हाईक करतं. विभाजक जागेवर ठेवून ती मान्य करू नका. डिसेंबरात वाढवलेला बायस मार्चमध्ये जोडी जाळतो.

जुने जर्मेनियम सेट

एसी १२८ किंवा एसी १८८ असलेल्या जुन्या पेट्या अजून येतात. त्यांचं जंक्शन ९० अंशांपुढे नेता येत नाही आणि गळती करंट दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, त्यामुळे ४५ अंशांच्या हवेत हातात फार थोडी जागा उरते. त्यांचा बायस ०.१५ ते ०.२ व्होल्टचा असतो. तिथे सिलिकॉन टाकला तर तो उघडतच नाही आणि आवाज तुकड्या-तुकड्याने येतो. ते पीएनपी (टीआयपी ३१ सी च्या उलट दिशेने चालणारे) असल्यामुळे बहुतेक पेट्यांत प्लस ग्राउंड असतो. ट्रॅक्टरच्या मायनस ग्राउंडला पेटीचा पत्रा टेकला की सरळ शॉर्ट. अशी पेटी सिलिकॉनवर आणायची असेल तर बायस, दिशा आणि एमिटर रेझिस्टर तिन्ही एकत्र बदला. पीएनपीच ठेवायचा असेल तर टीआयपी ३२ सी, आणि डायोड म्हणून तिसराही तोच.

कापसाच्या हंगामात पत्र्यावर आणि पेटीच्या जाळीवर रुईचा थर बसतो. तो ब्रशने काढा, आणि तिन्ही स्क्रू त्याच वेळी पुन्हा कसा.